गाडी वेळेवर पोचली

फोन आला तेव्हा मी डबा उघडून बसलो होतो. गोदीतल्या आमच्या ऑफिसात गावाकडून ट्रंक कॉल आला की साहेबसुद्धा हातातलं काम ठेवून आपल्या तोंडाकडे बघतात, कारण तो चांगल्या बातमीसाठी येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पलीकडून सुमनच्या गावातला दुकानदार ओरडून बोलत होता. "दत्ताराम ग्येले. आज सकाळी. रत्नांग्रीला." मी पहिला प्रश्न काय विचारावा? "गाडी उलटली काय?" नंतर कळलं की ज्याला ज्याला फोन गेला त्याने हेच विचारलं होतं. इतकी वर्षं आम्ही सगळे त्या गाडीलाच घाबरून होतो. "नाय ओ," दुकानदार म्हणाला, "गाडीला काय झालं नाय. गाडी बरोबर पोचली. त्यांच्या छातीत कळ आली." पुढचं ऐकू आलं नाही, लाइन कटली. डबा तसाच बंद केला आणि रात्रीच्या एसटीचं तिकीट काढायला गेलो.

दत्ताराम माझे भावोजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे यजमान. नात्याने मी थोरला मेव्हणा, पण वयाने ते माझ्याहून मोठे, त्यामुळे कोणी कोणाचा मान राखायचा हा घोळ आमच्यात शेवटपर्यंत मिटला नाही. ते मला 'मेव्हणे' म्हणायचे आणि कामं मात्र हरकाम्यासारखी सांगायचे. उंच, हाडकुळा माणूस. तरुणपणी आंब्याच्या पेट्यांचा ट्रक चालवलेला, नंतर घरची शेती आणि थोडी कलमं. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, आणि डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. आज हे मी कौतुकाने लिहितो आहे. तेव्हा वैतागायचो.

त्यांची वाडी सड्यावर. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, मैलभर नुसता जांभ्याचा कातळ, मधे मधे भाताचे चार तुकडे आणि घरं. खाली गाव, तिथे डांबरी रस्ता, आणि तिथून पुढे रत्नागिरी. वाडी आणि गाव यांच्यामध्ये एक उभी घाटी आणि घाटीच्या पायथ्याला पऱ्या. हा ओढा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा, पावसात मात्र बैल वाहून नेईल इतका जोराचा. आजारी माणसाला खाली न्यायचं तर डोली. बांबूला जाड चादर बांधायची, तिच्या झोळीत माणूस घालायचा आणि चौघांनी खांदा द्यायचा. सुमनचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा तिलाही अशीच नेली. श्रावणातले दिवस. डोली पऱ्याशी येऊन थांबली आणि पाणी उतरेना. पोरगी झोळीत कण्हते आहे, चौघं आळीपाळीने खांदा बदलताहेत आणि भावोजी पाण्याकडे बघत उभे... दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस मावळला. सुमन वाचली, मुलगा गेला. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..." आणि पुढच्या पेशंटकडे वळले. ते अर्धं वाक्य भावोजींनी घरी आणलं. सुमनला पुढे मूल झालं नाही.

त्यानंतर ते रस्त्याच्या मागे लागले. सरकारी माणसं आली, साखळ्या लावून मोजणी झाली, आणि रस्ता व्हायचा तर देवरहाटीतूनच होईल असं ठरलं, कारण बरा उतार तेवढाच. देवरहाटी म्हणजे देवाचं राखलेलं रान. तिथली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. मानकरी म्हणाले, देवाला विचारू. देवळात गुरवाने देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. रस्ता दुसऱ्या वाडीकडे गेला. मी गणपतीत गेलो होतो तेव्हा त्यांच्या पडवीत बसून देवावर, गुरवावर आणि एकूण कोकणावर भरपूर तोंडसुख घेतलं. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मेव्हणे, रस्ता नाय तर नाय. जिला रस्ता लागत नाय अशी गाडी करू."

मला वाटलं, माणूस दुःखाने काहीतरी बोलतो आहे. पुढच्या वेळी गेलो तर खालच्या गावात, वडाखाली, एक पिकअप उभा. एका आंबेवाल्याने काढून टाकलेला, जीपच्याच जातीचा, पण सगळ्यात साधा. पुढे दोन माणसांची जागा, मागे उघडा हौदा, टप नाही, दारं नाहीत, काचेवरचा वायपर हाताने फिरवायचा. ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. अशी गाडी सपाट डांबरी रस्त्यावर आंब्याच्या पेट्या न्यायला ठीक, घाटीच्या पहिल्या चढालाच ती जागच्या जागी चाकं फिरवत बसायची. "आता हिला हात लावायचा," भावोजी म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की माझे पुढचे कित्येक रविवार गेले हे मी तिथेच ओळखलं.

आणि गेलेच. लष्कराने भंगारात काढलेल्या जीपचे सुटे भाग मुंबईत मिळतात एवढी बातमी त्यांना कुठून तरी लागली होती. पुढच्या चाकांनाही ताकद मिळावी म्हणून अख्खा पुढचा एक्सल हवा, त्याला ताकद वाटून देणारा जादा गिअरबॉक्स हवा, आणि तो अमुकच जातीचा हवा. मी गोदीत काम करणारा कारकून. मला सायकलची चेन चढवता येत नाही. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांपुढे मी कागदावरचं चित्र धरून उभा राहायचो आणि ते माझी मजा बघायचे. एकदा उत्साहाने चुकीचा एक्सल बोटीने जयगडला धाडला. भावोजींनी तो बैलगाडीने वडाखाली आणला, लावून बघितला, चौघांच्या खांद्यावर घरी नेला, आणि पुढच्या भेटीत मला दाखवला तो परसात. सुमन त्यावर गोधड्या वाळत घालत होती. "चांगला हाय," ते म्हणाले, "पण गाडीचा नाय."

बाकीचं सामान सुमनच्या माहेरचं, म्हणजे आमच्या घरचं. नाटे बंदरात वडिलांचं होड्यांच्या सामानाचं दुकान होतं. होडी वाळूवर ओढून घ्यायचं हाताने फिरवायचं रहाट भावोजींनी गाडीच्या पुढच्या बंपरला बसवलं. गाडी अडली की दोर झाडाला किंवा कातळाच्या दाताला बांधायचा, रहाट फिरवायचं, गाडी स्वतःच स्वतःला ओढून घ्यायची. होडीच्या नांगराची जुनी साखळी तोडून चाकांना गुंडाळायची केली, कारण पावसात कातळावर शेवाळ धरतं आणि तिथे माणसाचाही पाय टिकत नाही. हवा ओढायचा आणि धूर सोडायचा असे दोन्ही पाइप काचेच्याही वर नेले, म्हणजे पऱ्यातून जाताना इंजिनात पाणी शिरू नये. पोटाखाली जाड पत्रा ठोकला. वडील म्हणाले, "जावईबापू, एवढं केलंत तर आता शीडही लावा." भावोजींनी त्यावर खरोखर विचार केला असावा, कारण ते उठून दुकानातलं शिडाचं कापड चाचपून बघू लागले.

चुका काय कमी झाल्या? गाडी दगडाला लागू नये म्हणून त्यांनी स्प्रिंगचे पाटे वाढवून ती इतकी उंच केली की पहिल्याच चाचणीत ती बांधावरून वळताना कलली आणि भाताच्या चोंढ्यात, त्या पाणथळ खाचरात, आरामात आडवी झाली. सगळी वाडी जमली. भावोजी चिखलातून उठले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दोन पाटे काढू." पाटे काढले, चाकं रुंद लावली. मग पहिला पेशंट मिळाला, पाय मोडलेले एक म्हातारबा. गाडी खाली पोचली, पण म्हातारबांनी वरपासून खालपर्यंत भावोजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कातळावरून उतरताना हौद्यात माणूस सुपातल्या दाण्यासारखा उडत होता. त्यावर त्यांनी जे केलं ते माझ्या मते त्या गाडीतलं खरं काम. हौद्यावर लोखंडी चौकट उभी केली आणि वाडीची डोलीच तिला दोरांनी टांगली. गाडी खाली कितीही आदळू दे, पेशंट वर झोळीत नुसता झुलायचा. म्हातारबा पुढच्या वेळी गेले तेव्हा वाटेत झोपले होते.

एक गोष्ट राहिली होती. घाटीने गाडी कोरड्या दिवसांतच, रहाटाच्या दोरावर कशीबशी चढ-उतर करायची. पावसातही जायचं तर ती देवरहाटीच्या कडेने, जिथून शिमग्यात देवाची पालखी येते त्या वाटेने उतरू शकत होती. रानाला धक्का लागणार नव्हता, तरी देवाची वाट ती देवाची वाट. पुन्हा कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "हा दत्ताराम पुढं उभा हाय, ह्याच्या हातनं गाडी जाईल, कुणाच्या जिवासाठी जाईल, वाट दे." उजवी पाकळी लगेच पडली. भावोजी देवळाच्या पायरीवर बसून रडले. मी त्यांना रडताना तेवढंच बघितलं. आणि मानकऱ्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की कौल दत्तारामाच्या हाताला मिळालेला आहे, तेव्हा त्या वाटेने गाडी हाकायची ती दत्तारामानेच. हे कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. दत्ताराम होते ना, मग दुसऱ्याने शिकायचं कशाला?

मग वर्षं गेली ती बरी गेली. अडलेल्या बायका, पान लागलेली, म्हणजे साप चावलेली माणसं, तापाने फणफणलेली पोरं... हाक आली की भावोजी धोतर खोचून निघायचे. आधी खाली वाकून पुढच्या चाकांच्या कड्या हाताने फिरवून ताकद जोडायची, मग स्टीअरिंगवर बसायचं. बसण्याची जागा त्यांनी आपल्या लांब पायांना बेताने मागे सरकवून पक्की केली होती. क्लच कसा कुठपर्यंत दाबायचा, कुठला दांडा कधी ओढायचा, ब्रेक एकदा दाबून भागत नाही हे त्यांच्या पायाला माहीत होतं. सगळे वाचले असं नाही. पण न वाचलेल्याच्या घरचेही म्हणायचे, "आमी वेळेवर पोचलो, त्याच्या नशिबात नव्हतं." ते ऐकलं की भावोजींच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांती यायची. आपल्या मुलासाठी नाही तरी दुसऱ्याच्या मुलासाठी आपण ते वाक्य पुरं करतो आहोत असं त्यांना वाटत असावं. मी कधी विचारलं नाही. असल्या गोष्टी आमच्यात बोलत नाहीत.

शेवटची भेट यंदाच्या गणपतीतली. आरती झाल्यावर ते पडवीत बसून साखळीला तेल लावत होते. थकल्यासारखे दिसत होते, पण शेतीच्या दिवसांत कोण थकत नाही? मी म्हटलं, "भावोजी, आता एखादा माणूस तयार करा." ते म्हणाले, "देवाला विचारायला पायजे." आणि पुन्हा तेल लावू लागले. मी निघताना घाटीच्या तोंडापर्यंत सोडायला आले, एवढंच.

त्या सकाळचं मला सुमनने सांगितलं, दिवसकार्य झाल्यावर, चुलीपुढे बसून. ते पहाटे उठले तेच छाती धरून. घाम सुटला होता. वाडीत हाक मारायला ती धावणार, तर म्हणाले, "कुणाला बोलावतेस? गाडी कोण चालवणार?" स्वतः वाकून चाकांच्या कड्या फिरवायला गेले, ते जमेना, मग त्यांनी सांगितलं तशा तिने फिरवल्या. ते स्टीअरिंगवर, ती शेजारी. मागे डोली रिकामी झुलत होती. "दादा, मी काय करणार?" ती म्हणाली. "एका हातानं त्यांची पाठ चोळत होते. ते नको म्हणाले, हात हलतो म्हणाले. मंग नुसती बसून राहिले. उतारावर त्यांचं तोंड पांढरं पडत होतं आणि मी रस्त्याकडं बघत होते. दुसरं बघायला होतं काय?" देवरहाटीची कड उतरले, पऱ्या कोरडाच होता, डांबरी लागली. वाटेत कुठे थांबले नाहीत. रत्नागिरीला दवाखान्याच्या दारात गाडी लावली, किल्ली काढून तिच्या हातात दिली आणि आपल्या पायांनी चालत आत गेले.

डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्याने धावपळ केली, सुई दिली, नळ्या लावल्या. दुपार होण्याआधी बाहेर आला आणि सुमनला म्हणाला, "तुम्ही अगदी वेळेवर आणलंत, आजी. पण झटका फार मोठा होता. आमच्या हातात काही नव्हतं." हे सांगताना सुमन माझ्याकडे बघत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. "वेळेवर आणलं बोलला रे तो," ती म्हणाली. "मंग आपल्या पोराचं काय? त्याला आधी आणला असता तरी..." ती तिथेच थांबली. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर ते दोघं जगले, की तेव्हा वाट असती तर मूल वाचलं असतं, तिच्याच बुडाखालची माती सरकली होती. मी डॉक्टर नाही, देव नाही. म्हटलं, "तसं नसतं गं." मी चुलीतलं लाकूड उगाच पुढे सरकवलं.

रत्नागिरीहून गाडी एका ट्रकला बांधून गावात आणली होती आणि तिथून वाडीच्या माणसांनी बैल जुंपून घाटीने वर अंगणात ओढून नेली होती. सुतकातच एक गोष्ट झाली. शेजारच्या घरच्या काकींना ताप चढला, शुद्ध जायला लागली. चार माणसं अंगणात येऊन उभी राहिली, खाली मान घालून. शेवटी एकजण म्हणाला, "वैनी, डोली पायजे होती." वाडीची डोली गाडीत टांगलेली, ती त्यांच्याजवळ कशी असणार? सुमनने मानेनेच हो म्हटलं. त्यांनी गाडीवर चढून एकेक दोर सोडला. भावोजींनी गाठी अशा मारलेल्या की सुटता सुटेनात, पण कापायचं कुणी नाव काढलं नाही. मग तीच डोली खांद्यावर घेऊन ते गाडीच्या अंगावरून घाटीकडे गेले. मी मागून चालत गेलो, मधे खांदा दिला, आणि अर्ध्या उतारावर माझा श्वास लागला म्हणून दुसऱ्याने घेतला. काकी वाचल्या. पण दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस कलला होता.

सुतक फिटल्यावर मानकऱ्यांनी देवळात कौल लावला. वाडीतले सखाराम मुंबईत टॅक्सी चालवून परत आलेले, त्यांचं नाव पुढे केलं. पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे हात जोडून बसलो. पाकळी हलेना. ना उजवी, ना डावी. गुरवाने पुन्हा विनवलं, देवाचा आवडता नैवेद्य बोलला, चूकभूल पदरात घ्यायला सांगितलं. दिवे लागायची वेळ झाली तरी पाकळ्या दगडाला चिकटलेल्या तशाच. सखारामांचा जीव भांड्यात पडला असावा, कारण ते आधीच अंगणात गाडी चालू करून बघायला गेले होते आणि ती दोन उड्या मारून बंद पडली होती. मानकरी म्हणाले, "देव बोलत नाय. शिमग्यात बघू." सगळे उठले. मला चीड आली, पण कुणावर काढायची? बिचारा गुरव थकून भिंतीला टेकला होता. रागावणार तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी मला मुंबईला निघायचं होतं. सकाळी चहा झाला तरी सुमन घरात दिसेना. अंगणात आलो तर ती गाडीत, स्टीअरिंगवर. इंजिन बंद. पाठीमागे तिने गोधडीची घडी लावली होती, तिच्यावर उशी, आणि तरी ती पुढे सरकून, जवळजवळ काठावर बसली होती, कारण पाय पोचत नव्हते. पदर कमरेला खोचलेला. किल्ली तिच्या मुठीत होती. मी म्हटलं, "अगं, देवाने कौल दिला नाही ना?"

"देवानं 'व्हय' नाय म्हटलं," ती म्हणाली. "'नाय' पण नाय म्हटलं."

तिने डावा पाय लांब करून क्लचवर ठेवला, तो थोडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. हात दांड्यावर होता, पण तो ओढायला ती धजेना. मग माझ्याकडे वळून, लहानपणी गणित अडलं की विचारायची तशी, तिने विचारलं, "दादा, हा कुठवर दाबायचा?"

मी गाडीजवळ गेलो. वाकून तिच्या पायाकडे बघितलं, त्या झिजलेल्या लोखंडी पट्टीकडे बघितलं. मला माहीत नव्हतं.